जिवाच्या नावावर

देवजीला कंपनीने निवृत्त केलं तेव्हा तो म्हातारा झालेला नव्हता. भट्टीतून लालभडक निघालेली सळई चिमट्याने धरायची आणि पुढच्या फिरत्या रुळांत सरकवायची, हे काम तो तरण्या पोरांच्या बरोबरीने करत होता. पण कागदावर त्याला अठ्ठावन्न पुरी झाली होती. वाडा गावाजवळच्या त्या लोखंडाच्या कंपनीत शेवटच्या दिवशी सुपरवायझर धर्मेंद्रने त्याच्या खांद्यावर शाल टाकली, पेढ्यांचा पुडा हातात दिला आणि म्हणाला, "जिवाभाई, अब आराम करो. पेन्शन आएगी घर बैठे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. देवजीही हसला. जिवा हे त्याच्या मोठ्या भावाचं नाव होतं, आणि अठ्ठावन्न पुरी झाली होती ती त्या भावाला. देवजीची पन्नाशी नुकतीच उलटली होती.

हे झालं होतं असं. वीसेक वर्षांपूर्वी मुकादम त्यांच्या गावातून, दाभोशातून, माणसं घेऊन वाड्याला जायचा. जिवा चौथी शिकलेला, त्याच्याकडे शाळेचा दाखला होता, म्हणून कंपनीच्या हजेरीवर त्याचं नाव लागलं आणि कार्ड मिळालं. पण भट्टीची धग त्याला सोसेना. काही दिवसांतच तो ताप घेऊन घरी आला आणि परत जायचं नाव काढेना. तेव्हा मुकादम दारात आला. ओट्यावर बसलेल्या देवजीकडे बोट करून म्हणाला, "याला पाठव. कार्ड तयार आहे. गेटवर तोंड कोण बघतो?"

तोंड खरंच कोणी बघितलं नाही. देवजी शाळेत गेलेला नव्हता. कंपनीतच एका बिहारी सोबत्याने त्याला सही शिकवली, ती जिवाच्या नावाची. पुढे पगार बँकेत जमा व्हायला लागला, मग आधार आलं. कंपनीने कागद मागितला की देवजी सुट्टीला घरी यायचा आणि जिवाचे कागद घेऊन जायचा. लागेल तिथे जिवा अंगठा द्यायचा. खातं जिवाच्या नावाचं, एटीएमचं कार्ड देवजीच्या खिशात. जिवाने त्यातलं कधी काही मागितलं नाही. दोघं भाऊ एकाच अंगणात दोन झोपड्यांत राहत होते. जमीन कोणालाच नव्हती. जिवा आणि त्याची बायको धोंडीबाई मिळेल त्या मजुरीला जायची, देवजीची बायको सखी एकटीने पोरं सांभाळून दुसऱ्यांच्या शेतावर भाताच्या आवणीला जायची. नावाची ही अदलाबदल सगळ्या पाड्याला माहीत होती. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नव्हतं.

पेन्शनचा अर्ज भरायला देवजी जव्हारला सेवा केंद्रात गेला. केंद्र चालवणारी ममता नावाची मुलगी चटपटीत होती. तिने नंबर टाकला, देवजीच्या फोनवर आलेला ओटीपी विचारून घेतला, आणि पडद्यावर फोटो उघडला. लांबट चेहरा, गालफडं बसलेली, एका डोळ्यात फूल पडलेलं.

तिने पडद्याकडे पाहिलं, मग देवजीकडे.

"काका, हे तुम्ही नाही."

"माझंच हाय ते."

"डोळा बरा झाला का मग?" ती हसली. देवजी हसला नाही, तसं तिचंही हसू थांबलं. मागे रांग होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "कुणाचं आहे?"

"दादाचं. मोठ्या भावाचं."

"आणि काम कोणी केलं?"

"मी."

ममताने माऊस बाजूला सरकवला. मग तिने एकेक गोष्ट त्याला समजावून सांगितली. कंपनीत लागलेली जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरची, आधारवरची वेगळी. ती जुळवल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही. जुळवायची तर कामगाराने आणि कंपनीने मिळून सही करायची, आणि त्यासाठी आधार घेऊन स्वतः कंपनीत जायचं. "आणि पेन्शनच्या अर्जाला नवराबायकोचा जोडफोटो लागतो. माणसाच्या मागे पेन्शन त्या बाईला मिळते."

"कोणत्या बाईला?"

"फोटोतल्या."

देवजीने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आणि खरं काय ते सांगितलं तर?"

"दुसऱ्याच्या नावाने नोकरी केली म्हणून चौकशी लागेल. तुमची, भावाची, कंपनीची. तोवर सगळं अडकून पडेल. नंतर मिळेल की नाही, ते मला माहीत नाही." तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "काका, मी वकील नाही. सांगा असं मी म्हणत नाही, आणि सांगू नका असंही म्हणत नाही."

जीपमध्ये देवजी खिडकीशी बसला होता. शिरपामाळच्या फाट्यावर कुणी पाहुणे फोटो काढत उभे होते, त्यांच्यासाठी जीप थांबली, पुन्हा निघाली. त्याला काहीच सुचत नव्हतं. भट्टीवर काम करताना कधी चिमटा सुटला तर कुठे उडी मारायची हे पायांना आपोआप कळायचं. इथे कुठल्याही बाजूला सरकायला जागा नव्हती.

रात्री जेवल्यावर त्याने भावाला सांगितलं. जिवाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग मी येतो ना. त्यात काय?"

"तुला विचारतील, दादा."

"विचारू देत. नाव तर माझंच हाय."

धोंडीबाईही फोटोला तयार झाली. सखी भांडी घासत राहिली.

दोघं भाऊ वाड्याला गेले. गेटवरच्या वॉचमनने देवजीला पाहून हात वर केला, "काय जिवाभाऊ, करमत नाय का घरी?" देवजी कसनुसा हसला. ऑफिसात सुदेश नावाचे नवे साहेब बसले होते. कामगारांची कागदपत्रं त्यांच्याकडे होती आणि कामगारांचे चेहरे त्यांना माहीत नव्हते. त्यांनी आधारकार्ड घेतलं, समोर बसलेल्या जिवाच्या डोळ्याकडे पाहिलं, समाधानाने मान हलवली.

"जिवा लहानू वारघडे तुम्हीच?"

"मीच," जिवा म्हणाला.

"आणि हे?"

"भाऊ हाय माझा. सोबतीला आलाय."

साहेबांनी शिक्का पॅडवर टेकवला. तेवढ्यात हातात रजिस्टर घेऊन धर्मेंद्र आत आला. "अरे जिवाभाई!" तो ओरडला आणि त्याने सरळ देवजीला मिठी मारली. "कैसे हो? नया लड़का तो दो दिन में भाग गया. तुम्हारे जैसा आदमी कहाँ मिलेगा!"

देवजीचे हात तसेच खाली लोंबत राहिले. धर्मेंद्रला काहीतरी बिघडल्याचं कळलं, पण काय ते कळेना. तो एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत राहिला. साहेबांनी शिक्का बाजूला ठेवला.

"बाबा," ते जिवाला म्हणाले, "तुम्ही कुठे काम करत होता?"

"इथंच."

"कुठल्या खात्यात?"

जिवाने देवजीकडे पाहिलं. "भट्टीवर."

"भट्टी कुठे आहे, दाखवा बरं. इथून कुठल्या बाजूला?"

जिवाने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर तीन शेड होत्या. तो एकेका शेडकडे बघत राहिला. त्याच्या मानेवरून घाम उतरत होता. देवजीला वाटलं आपणच पुढे होऊन बोट दाखवावं. पण बोट दाखवलं असतं तर तेही आपल्याच अंगावर आलं असतं.

साहेबांनी धर्मेंद्रला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं. ते तरुण होते, त्यांचाही चेहरा उतरला होता. "तुम्ही मला पोलीस स्टेशनला न्याल," ते म्हणाले. "हे वर गेलं तर आधी मला विचारतील, इतकी वर्षं कंपनी काय करत होती? माझ्याआधी इथे कोण होतं, ते मला माहीतही नाही."

"साहेब," देवजी म्हणाला, "काम मी केलंय. खोटं काय ते नावाचं. पैसे कापले ते माझ्या पगारातून."

"मला हे ऐकवू नका."

"मग कुणाला ऐकवू?"

साहेबांनी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला. मग ते म्हणाले, "मी सही करतो. आधार ज्याचं, पेन्शन त्याची. पण उद्या तुम्हा भावांत भांडण झालं आणि तुम्ही इथे येऊन उभे राहिलात की मीच खरा कामगार, तर ते माझ्या गळ्यात येईल. म्हणून तुम्ही मला नोटरीकडून लिहून आणून द्यायचं." त्यांनी देवजीकडे बोट केलं. "की तुम्ही या कंपनीत कधी काम केलेलं नाही."

परतीच्या वाटेवर जिवा एकदाच बोलला. "मला वाटलं होतं नुसतं बसायचं असतं," तो म्हणाला. "तो भट्टीचं विचारेल हे मला काय ठाऊक."

जव्हारला तहसील कचेरीच्या बाहेर टाइप करून देणारा एक माणूस बसतो. त्याने स्टॅम्प पेपरवर मजकूर टाइप केला आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवला. "मी, देवजी लहानू वारघडे, राहणार दाभोसा, तालुका जव्हार, शपथेवर लिहून देतो की, सदर कंपनीत मी कधीही नोकरी केलेली नाही, सदर कंपनीकडून मला कोणतेही वेतन मिळालेले नाही व भविष्यात माझा कोणताही हक्क सांगणार नाही. समजलं?"

"समजलं."

"करा इथे सही."

देवजीने पेन घेतलं. हाताने सवयीने पहिलं अक्षर काढलं, 'जि'. तो थांबला. त्याला दुसरी सहीच येत नव्हती. स्वतःचं नाव कसं लिहितात ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

टाइप करणारा वैतागला. "काय हे बाबा, पेपर खराब केला. नवीन आणा. आणि सही येत नसेल तर अंगठा द्या सरळ."

नव्या स्टॅम्प पेपरवर देवजीने अंगठा दिला. शाई पुसायला त्याला तिथे चिंधी मिळाली नाही, तेव्हा त्याने तो भिंतीला घासला.

त्याच दिवशी जोडफोटो काढायचा होता. धोंडीबाई तिची चांगली हिरवी साडी नेसून आली होती. सखीला बाजार करायचा होता म्हणून तीही आली होती. स्टुडिओवाल्याने जिवाला आणि धोंडीबाईला बाकावर बसवलं. "जवळ या आजी, लाजताय काय?" तो म्हणाला. धोंडीबाई लाजून हसली. तिचा पदर एका बाजूने घसरला होता. सखी दारातून आत गेली, तिने तो नीट केला, खांद्यावर बसवला आणि पुन्हा दारात येऊन उभी राहिली.

घरी आल्यावर ती देवजीला म्हणाली, "तू तिकडे भट्टीवर होतास तेव्हा इकडे मी होते. वहिनी तर दादाच्या जोडीने कामाला जायची. मग तुझ्या कामाच्या कागदावर तिचा फोटो कसा?"

"पैसे तर आपल्याच घरात येणार ना."

"येतील," सखी म्हणाली. "मी फक्त विचारलं."

काही महिन्यांनी पेन्शन सुरू झाली. पडद्यावर पाहून ममताने तसं सांगितलं तेव्हा देवजीने तिला पेढे दिले. त्या महिन्यात धोंडीबाईने अंगणात कोंबडी कापली आणि दोन्ही घरांनी एकत्र बसून खाल्ली. पण ममताने आणखीही एक गोष्ट सांगितली होती. दर वर्षी एकदा जिवाला येऊन हयातीचा दाखला द्यावा लागेल. माणूस जिवंत आहे असं मशीनला कळलं तरच पुढची पेन्शन. "आणि काका," तिने विचारलं होतं, "भाऊ तब्येतीने कसे आहेत?"

हा प्रश्न देवजीच्या डोक्यातून गेला नाही. तोवर त्याने भावाच्या तब्येतीकडे कधी पाहिलं नव्हतं. जिवा होता, जसा समोरचा डोंगर होता. आता त्याच्या नजरेला सगळं दिसायला लागलं. जिवा चढ चढताना थांबतो. जिवा बिडी जास्त ओढतो. जिवा नदीवर मासे धरायला उतरतो ती जागा निसरडी आहे. देवजी त्याला म्हणायला लागला, दादा, बिडी सोड. दादा, आज मजुरीला नको जाऊस. दादा, नदीवर मी जातो. सुरुवातीला जिवाला बरं वाटलं. मग तो उत्तर देईनासा झाला.

पावसाळ्यात जिवाला ताप भरला आणि खोकला छातीत उतरला. देवजीने त्याला जीपमध्ये घालून जव्हारच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे तो भावाच्या खाटेशेजारी जमिनीवर बसून राहिला. धोंडीबाई म्हणाली, "तू घरी जा, मी हाय," पण तो हलला नाही. जिवाला ऑक्सिजन लावला तेव्हा देवजी जिन्यात जाऊन रडला. देवा, माझ्या भावाला वाचव, असं तो मनात म्हणत होता. आणि म्हणता म्हणता त्याला जाणवलं की त्या मागण्याच्या आत आणखी एक मागणं आहे. ते वेगळं काढायचा त्याने प्रयत्न केला. निघेना. कधीपासून ती दोन्ही एकमेकांत मिसळली, तेही त्याला आठवेना.

जिवा बरा झाला. त्याची लेक जयवंती मोखाड्याला दिलेली होती. तिचा नवरा पंचायत समितीत शिपाई होता. ती बापाला न्यायला आली. "बाबाला आता माझ्याकडेच राहू दे," ती म्हणाली. "मजुरीही नको नि काही नको. आईपण येईल."

देवजी पटकन म्हणाला, "नको. इथंच बरा हाय तो. इथं मी लक्ष ठेवतो."

"आमच्याकडेही दवाखाना हाय, काका."

"तसं नाय. तिथली हवा... शिवाय दाखल्याला जव्हारला यायला लागतं..."

"तो मोखाड्यालाही निघतो."

जिवा खाटेवर बसला होता. त्याने हात वर केला, तशी दोघं गप्प झाली. आजारपणाने त्याचा आवाज बारीक झाला होता.

"देवजी, मला लेकीकडे जायचंय. त्यालाही तुझी परवानगी लागते का?"

"दादा, मी तुझ्या काळजीनं—"

"कुणाच्या काळजीनं?" जिवा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच देवजीला सोसलं नाही. "मी तुला नाव दिलं. मला ते जड नव्हतं, म्हणून दिलं. त्याच्यावर तू राबलास, पोरं वाढवलीस, मला आनंद हाय. पण आता तू माझ्या तोंडाकडे बघतोस तेव्हा मला वाटतं, हा माझा श्वास मोजतो."

देवजीला बोलायचं होतं. असं नाही, दादा, असं त्याला म्हणायचं होतं. पण ते पूर्ण खरं नव्हतं, आणि जिवा ते ओळखणार हे त्याला माहीत होतं. जयवंती बापाची गोधडी घडी करत होती. धोंडीबाईने मान खाली घातली. शेवटी देवजी उठला आणि भावाची पिशवी जीपपर्यंत पोहोचवून आला.

त्यानंतर दर महिन्याला तो जीपने मोखाड्याला जाऊ लागला, कारण पैसे काढायला मशीनवर जिवाचा अंगठा लागायचा; एटीएमचं कार्ड मुदत संपून बंद पडलं होतं आणि नवं काढायचं म्हणजे पुन्हा कागद आलेच. दोघं भाऊ बँकेत जायचे. जिवा अंगठा द्यायचा, पैसे न मोजता देवजीच्या हातात ठेवायचा, आणि म्हणायचा, "चल, तुझी गाडी चुकेल." चहा व्हायचा. पोरांची चौकशी व्हायची. सगळं ठीक होतं.

हिवाळ्यात एकदा देवजीने मनाशी ठरवलं आणि मध्येच, महिना भरायच्या आधीच निघाला. सखीने नागलीच्या भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी बांधून दिली. जिवाला ती आवडायची. जयवंतीच्या घरापुढे जिवा उन्हात बसला होता. अंगावर घोंगडी होती, पण तब्येत सुधारलेली दिसत होती. त्याला देवजी येताना दिसला नसावा. हाक मारल्यावर त्याने मान वळवली, चांगल्या डोळ्याने नीट पाहिलं आणि लगेच घोंगडी बाजूला करून उठायला लागला.

"अरे, अजून जमा झाले नसतील ना?" तो म्हणाला. "चल, बघून येऊ. पासबुक आणतो."

"नाय दादा. बस. मी त्याच्यासाठी नाय आलो."

जिवा अर्धवट उठलेला तसाच राहिला, भिंतीला हात टेकून.

"मग दाखल्याचं काही?"

"नाय. तेही नाय."

"मग कशाला आलास?"

देवजीने भाकरीचं गाठोडं पुढे केलं. जिवाने ते घेतलं, पण त्याची गाठ सोडली नाही. ते हातात धरून, देवजी पुढे काय सांगतो त्याची वाट बघत तो उभा राहिला.